कपाटाचा ताप

तूप पातळ झालं होतं.

आता तूप पातळ होण्यात लिहिण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. सांगलीत मार्च उजाडला की तूप पातळच असतं, बरणी तिरकी करायची आणि वाढायचं. पण मी सांगतोय ती गोष्ट नोव्हेंबरातली आहे, स्टुटगार्टच्या बाहेरच्या एका गावातली. बाहेर तापमान ४ अंश, खिडकीवर धुकं, आणि आमच्या कोठीच्या खोलीत जमिनीवर ठेवलेल्या बरणीतलं तूप तेलासारखं हलत होतं. मी बरणी हातात घेतली तर बूड चक्क कोमट!

तर मंडळी, आजचा शनिवार या बरणीला अर्पण. लेख लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी पार्श्वभूमी. ऑक्टोबर २०२३ मध्ये आम्ही या घरात राहायला आलो. भाड्याचंच, पण नवीन बांधलेलं. जुन्या घरात खिडकीखाली पांढरे रेडिएटर होते, इथे जमिनीखालून गरम पाण्याचे पाइप. हिवाळ्यात अनवाणी चालायचं सुख काय असतं ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. लेक तर पहिला आठवडाभर जमिनीवरच लोळत होती. आणि दुसरं सुख म्हणजे कोठीची खोली. खोली कसली, भिंतीतलं मोठं कपाटच ते. सव्वा मीटर बाय नव्वद सेंटिमीटर, खिडकी नाही, घराच्या बरोबर मध्यावर. जर्मन लोक तिथे व्हॅक्यूम क्लीनर, इस्त्रीचं टेबल आणि पाण्याच्या बाटल्या ठेवतात. आम्ही काय ठेवणार? दहा किलो कणीक, दहा किलो तांदूळ, डाळी, पोहे, रवा, गूळ, शेंगदाणे, लोणच्याच्या बरण्या. बायको म्हणाली, "अखेर माझं माजघर मिळालं." तिने एका रविवारी सगळे डबे लावले, लेबलं लावली, आणि मी फोटो काढून दोन्हीकडच्या घरांना पाठवला.

त्या कपाटाच्या मागच्या भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर, एक पांढरी पत्र्याची पेटी आहे. तिचं झाकण मी पहिल्याच दिवशी उघडून पाहिलं होतं (इंजिनियर ना, झाकण दिसलं की उघडायचं). आत पितळी नळ्या, निळ्या-लाल खुणा, वायरी. "हीटिंगचं काहीतरी आहे," असं म्हणून बंद केलं. त्याच क्षणी थोडं डोकं चालवलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. असो.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला पहिल्यांदा कणकेत पोरकिडे निघाले. आम्ही दुकानदाराला शिव्या घातल्या, पिशवी फेकली, नवी आणली. तीन आठवड्यांनी तांदळात सोंडे. मग बेसनाला जाळी धरली आणि छोटे करडे पतंग घरभर उडायला लागले. मग आम्ही दुसऱ्या दुकानदाराला शिव्या घातल्या! शेंगदाण्याला खवट वास, गुळाखालचा कागद चिकट, बटाट्यांना आठवड्यात हातभर कोंब (बरं, बोटभर). प्रत्येक तक्रारीला आम्ही वेगळं कारण शोधत होतो. माल जुना, झाकण सैल, हात ओला लागला. सॉफ्टवेअरमध्ये असं करणाऱ्या ज्युनियर पोरांना मी रोज ऐकवतो की बाबांनो, पाच बग एकाच वेळी आले तर पाच कारणं शोधू नका, आधी त्यांच्यात समान काय आहे ते बघा. घरी मात्र मी स्वतःच तो ज्युनियर.

आणि मग तूप. तुपावर कोणाचा माल जुना, कोणाचं झाकण सैल, असली सबब चालत नाही. तूप घरचं, इथल्याच बिनमिठाच्या लोण्याचं कढवलेलं (भारतातून दुधातुपाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये आणायला परवानगी नाही, त्यामुळे आईच्या हातचं तूप तसंही कधी नशिबात नव्हतं). तूप साधारण तिशीच्या पुढे वितळतं. म्हणजे त्या बरणीखालची जमीन तिशीच्या पुढे होती. तूप खोटं बोलत नाही.

मग मात्र मी माझ्या धंद्यातलं शस्त्र काढलं, म्हणजे लॉग. जुना रास्पबेरी पाय कपाटात धूळ खात पडला होता. त्याला तापमान मोजणारे चार सेन्सर जोडले. एक जमिनीवर, एक खालच्या फळीवर, एक मधल्या, एक वरच्या. दर पाच मिनिटांनी एक नोंद. दोन दिवसांनी आलेख काढला. जमीन ३१, खालची फळी २९, मधली आणि वरची २७. बाहेरच्या पॅसेजमध्ये २१. आणि गंमत म्हणजे रात्री घर झोपलं तरी कपाट जागंच. कपाटाला रात्र होतच नव्हती.

आता ती पांढरी पेटी पुन्हा उघडली आणि या वेळी नीट पाहिली. ती म्हणजे या सगळ्या व्यवस्थेचा वाटपाचा नाका. तळघरातल्या बॉयलरकडून गरम पाणी इथे येतं, आणि इथून प्रत्येक खोलीला वेगळा फेरा जातो. आमच्याकडे सात फेरे आहेत: बैठकीच्या खोलीला दोन, बेडरूम, लेकीची खोली, स्वयंपाकघर, बाथरूम, पॅसेज. प्रत्येक फेऱ्याचा एक पाइप जाणारा, एक येणारा. म्हणजे चौदा. आणि हे चौदाच्या चौदा पाइप कुठून बाहेर पडतात? आमच्या कोठीच्या जमिनीखालून! खोल्यांमध्ये हे पाइप एकमेकांपासून दहा ते वीस सेंटिमीटरवर असतात. इथे नव्वद सेंटिमीटरच्या रुंदीत चौदा, म्हणजे दर सहा-साडेसहा सेंटिमीटरला एक. सांगली स्टँडवर सणाच्या आदल्या दिवशी जशी माणसं, तसे पाइप.

दुष्टपणा बघा. कोठीला स्वतःचा फेरा नाहीच, त्यामुळे तिला थर्मोस्टॅटही नाही. लेकीच्या खोलीला ऊब हवी झाली की पेटीतली झडप उघडते, पाणी निघतं, आणि जाता-येता कोठी तापवतं. बाथरूमला हवी झाली, पुन्हा तेच. सातांपैकी कोणीही मागणी केली की भुर्दंड आठव्याला. आणि आठव्याला "बास" म्हणायची सोय नाही.

खरं तर अशा ठिकाणी जाता-येताचे पाइप इन्सुलेशनच्या नळीत घालून न्यायचे असतात. बांधताना ते केलेलं नव्हतं, आणि आता फरशी उखडणं शक्य नव्हतं. राहत्या खोलीची जमीन २९ अंशांपुढे जाऊ नये असं युरोपीय मानक १२६४ सांगतं, पण कपाटात राहतंय कोण? पोरकिडे. आणि त्यांना २८ ते ३० अंश म्हणजे स्वर्ग. त्या तापमानाला सोंड्याची अंड्यापासून किड्यापर्यंतची पिढी महिन्याभरात तयार होते. १५ अंशांच्या खाली त्यांची वाढ जवळजवळ थांबते. म्हणजे दुकानदार बिचारे (फारसे) दोषी नव्हते. एखाद-दुसरं अंडं प्रत्येकच धान्यात येतं, आम्ही त्यांना पाळणाघर उघडून दिलं होतं.

थोडं गणितही केलं. जमीन आणि हवा यांत एका अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरमागे साधारण १० वॅट उष्णता हवेत येते. आमची जमीन ३१, हवा २७, फरक चार, क्षेत्रफळ एक मीटरहून थोडं जास्त. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वॅट. जुना पिवळा चाळीसचा बल्ब आठवतो? तो कपाटात चोवीस तास, सहा महिने पेटता ठेवायचा. शिवाय पेटीतल्या उघड्या पितळेची ऊब वेगळी. आणि दार बंद.

आणखी एक. जमिनीवर थेट ठेवलेली वस्तू म्हणजे जमिनीवर पांघरूण. खालून येणारी उष्णता तिथून वर निघू शकत नाही, म्हणून बरोबर त्या वस्तूखालची जमीन आणखी तापते. तुपाच्या बरणीचं बूड सगळ्यात गरम का, याचं उत्तर बरणी स्वतःच होती.

इथवर मला मजा येत होती. आलेख, आकडे, पाइपांची आकृती. बायकोला मी उत्साहाने सगळं दाखवत होतो. ती ऐकत होती, एकेक डबा खाली काढत होती. मग तिने खालच्या फळीच्या मागच्या कोपऱ्यातून एक पिशवी काढली आणि काही न बोलता माझ्यापुढे धरली.

गोडा मसाला. आईचा.

आई जून २०२३ मध्ये गेली. एप्रिलमध्ये तिने नेहमीसारखा वर्षाचा मसाला केला होता. धने, खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर, सगळं वेगवेगळं भाजून, मिरजेच्या गाडीचा भोंगा ऐकू येईपर्यंत गच्चीवर बसून. दिवस झाल्यावर मी परत निघालो तेव्हा बाबांनी डबा पुढे केला, म्हणाले, "अर्धा तू ने." आमच्यात तेव्हा एवढंच बोलणं झालं. मी अर्धा मसाला प्लास्टिकच्या पिशवीत भरला, पिशवीला पट्टी मारली आणि बॅगेत टाकला. इथे आल्यावर आम्ही तो वापरला नाही. वापरायचा नाही असं ठरवलं नव्हतं, पण रोजच्या आमटीला दुकानातला मसाला घालत राहिलो. नव्या घरात डबे लावताना ती पिशवी सुरक्षित राहावी म्हणून खाली, मागे, कोपऱ्यात गेली. बरोबर जाणाऱ्या पाइपांच्या डोक्यावर.

मी पिशवी उघडून नाक घातलं. मसाला होता. रंग होता. वास... होता, पण खूप लांबून. शेजारच्या घरात कुणीतरी करतंय असा. आणि त्याच्या मागे भाजलेल्या खोबऱ्याचा किंचित खवट वास.

मसाल्याचा वास म्हणजे त्यातली उडून जाणारी तेलं. ऊब मिळाली की ती उडतात, आणि खोबऱ्या-तिळातली तेलं हवेशी मिळून खवट होतात. साधारण दहा अंश वाढले की असल्या गोष्टींचा वेग दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी दोन महिने तो मसाला शेकत ठेवला होता.

त्या रविवारी बाबांना फोन केला. आई होती तेव्हा बाबांशी फोनवर बोलणं म्हणजे "बरा आहेस ना? घे, आईशी बोल." आई गेल्यावर "घे" म्हणायला कोणी उरलं नाही. मग आम्ही दोघं हवामानावर बोलायचो. तिकडे पाऊस आहे का, इकडे थंडी आहे का. चार मिनिटांत फोन संपायचा. त्या दिवशी मसाल्याचं सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून कपाटाचं सांगितलं. फक्त कपाटाचं. आकडे सांगितले, पाइप सांगितले.

बाबा मार्केट यार्डातल्या अडत दुकानात पस्तीस वर्षं दिवाणजी होते. हळद, गूळ, बेदाणा. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "माल जमिनीला टेकवून ठेवलायस?"

"हो. खालची फळी जमिनीपासून चार बोटं आहे. मोठे डबे खालीच."

"दुकानात पोती कधी जमिनीवर बघितलीस? खाली लाकडं टाकायची, त्यावर थप्पी. भिंतीपासून हात जाईल एवढी जागा सोडायची. वारा फिरला पाहिजे. तिकडे खालून ओल येते, तुझ्याकडे खालून धग येते. फरक काय?"

मी दोन दिवस सेन्सर लावून बसलो होतो हो!

मग ते पेवांवर गेले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमापाशी, जमिनीत हळद साठवायची पेवं होती. वीस-पंचवीस फूट खोल, तोंड अरुंद, पोट मोठं, आतून शेणामातीने सारवलेलं. हळद भरली की तोंड बंद करून वर माती. वर्षानुवर्षं हळदीला कीड लागायची नाही. (आपण "अमक्याचं पेव फुटलं" म्हणतो ते हेच पेव.) २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि त्यातली पुष्कळ पेवं कामातून गेली. मी लहानपणी बाबांबरोबर एकदा गेलो होतो. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नसे, आधी बराच वेळ तोंड उघडं ठेवायचं, कंदील सोडून बघायचा, तो विझला तर थांबायचं. आत प्राणवायूच नसतो. मला तेव्हा ती भुताची गोष्ट वाटली होती.

"पेव थंड असतं म्हणून माल टिकतो ना?" मी विचारलं.

"थंड कुठलं? बेताचंच असतं. पण तापत नाही आणि निवत नाही. आणि आत वारा नाही." थोडं थांबून म्हणाले, "मालाला थंडीपेक्षा एकसारखेपणा लागतो."

हे बरोबरच आहे. काही मीटर खोल गेलं की जमिनीचं तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास स्थिर राहतं. बाबांना हे कुणी शिकवलेलं नाही.

मग कामाला लागलो. काय केलं आणि त्याने किती फरक पडला ते क्रमाने देतो. कोणाच्या घरी असंच कपाट असेल तर उपयोग होईल.

पहिलं, बाबांचा उपाय. खालची फळी काढून टाकली, सगळा माल जमिनीपासून चाळीस सेंटिमीटर वर घेतला. खाली फक्त व्हॅक्यूम क्लीनर. खर्च शून्य. खालच्या डब्यांचं तापमान २९ वरून २७. हवा मात्र २७ची २७च.

दुसरं, जमिनीवर पांघरूण. हो, मघाशी जे पांघरूण वाईट म्हणालो तेच, पण आता त्याच्यावर माल नव्हता आणि ते जाड होतं. तीन सेंटिमीटर जाडीचे दाट पॉलिस्टायरीनचे तक्ते कापून बसवले, वर प्लायवूड. खालची फरशी तापते, तापू दे, उष्णता वर कमी येते. माझ्या हिशोबाने जमिनीतून येणारी उष्णता तिसऱ्या हिश्श्यावर आली. एक सूचना: आमच्याकडे फरशी आहे म्हणून चाललं. खाली लाकूड किंवा लॅमिनेट असेल तर ते तक्त्याखाली नको तितकं तापू शकतं, आधी विचारून घ्या.

तिसरं, पेटीतल्या उघड्या नळ्यांना फोमच्या नळ्या चढवल्या. झडपा, त्यांच्या मोटरी आणि पाण्याचा प्रवाह दाखवणाऱ्या काचेच्या नळ्या तशाच मोकळ्या ठेवल्या. दुसरं आणि तिसरं मिळून हवा २४.५.

चौथं, दार. बंद कपाटाला कितीही पांघरूण घाला, थोडी जरी ऊब आत येत राहिली तरी ती साठते. दार उघडं ठेवून पाहिलं तर लेक आत शिरून मसूर आणि मूग एकत्र करायला लागली. दाराला खाली-वर जाळ्या बसवणं हा खरा उपाय, पण घर भाड्याचं. मग लक्षात आलं की जर्मन दारं बिजागरीवरून सरळ वर उचलून काढता येतात. दार काढलं, तळघरात ठेवलं, आणि चौकटीत दांडी लावून सोलापुरी चादर टांगली. खाली वीतभर मोकळं, वर वीतभर मोकळं. गरम हवा वरून बाहेर, पॅसेजमधली गार हवा खालून आत. पंखा नाही, वीज नाही. २२.५! माजघर आता खरंच माजघर दिसायला लागलं. (लेक चादरीखालून रांगत आत जाते. डाळी एक फळी वर गेल्या.)

पाचवं, हाउसमाइस्टर. म्हणजे इमारतीची देखभाल करणारे काका. त्यांना बोलावलं, ते पेटीपुढे गुडघे टेकून बसले, थर्मामीटर पाहिला. येणारं पाणी ४१ अंश. "एवढं कशाला?" असं म्हणून त्यांनी नकारार्थी मान हलवली. पुढच्या आठवड्यात इमारतीचं पाणी ३६ वर आणलं, आणि आमच्या सात फेऱ्यांचा प्रवाह खोलीगणिक जुळवून दिला. बाथरूमचा फेरा गरजेपेक्षा कितीतरी जास्त उघडा होता. कुठल्याही शेजाऱ्याला थंडी वाजली नाही. कपाट २१.८. जाताना काकांनी चादरीकडे बोट दाखवून विचारलं, कुठली? मी म्हटलं, सोलापूर. त्यांनी हाताने कापड चाचपलं आणि "गूट" म्हणाले. जर्मन माणसाकडून एवढी स्तुती म्हणजे भारतरत्न समजा :-)

यापुढे मात्र आकडा खाली येईना. यायचाही नव्हता. बाहेर पॅसेज २१ आहे. पंखा-फ्रीज नसलेलं कपाट आजूबाजूच्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही. आपण त्याला थंड करत नसतो, त्याला तापू देत नसतो, एवढंच. ज्याला खरोखर थंडी हवी त्याची सोय वेगळी केली. बटाटे-कांदे तळघरात, तिथे १३ अंश आहे. पण आर्द्रता सत्तर टक्के, म्हणून गूळ आणि मसाले तिथे नाहीत. नवी कणीक, रवा, बेसन आधी आठवडाभर उणे अठराच्या फ्रीझरमध्ये, म्हणजे आलेली अंडी तिथेच संपतात, मग पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडायची, नाहीतर आत दव धरतं. डाळींना एरंडेल, जसं घरी लावतात तसं. पतंगांसाठी इथे एक मजेशीर चीज मिळते. पुठ्ठ्याच्या कार्डावर ट्रायकोग्रामा नावाच्या, डोळ्याला धड न दिसणाऱ्या, गांधीलमाशीच्या नात्यातल्या कीटकांची अंडी. ते पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालतात. पतंग संपले की त्यांचीही सद्दी संपते. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "किडा मारायला किडा विकत घेतलास? इथे सांगू नको कोणाला."

त्या फोनला पंचवीस मिनिटं झाली होती. मी नंतर पाहिलं.

मसाल्याचं सांगायला जानेवारी उजाडला. आकडा २१.८ वर आला तेव्हा, म्हणजे आता सगळं दुरुस्त झालंय असं म्हणता येईल तेव्हा, सांगितलं. बग दुरुस्त झाल्यावरच कबूल करायची खोड धंद्यातली. म्हटलं, "बाबा, आईचा मसाला मी खालच्या फळीवर ठेवला होता."

पलीकडे शांतता. मग म्हणाले, "गेला?"

"पूर्ण नाही. वास कमी झालाय."

"इथे मे महिन्यात चाळीस असतं," ते म्हणाले. "तिने कधी मसाला फ्रीजमध्ये ठेवलेला आठवतो तुला?"

आठवत नव्हता. वर्षभर टिकायचा. मी त्यावर विचार केलाय. तिथली उन्हाची काहिली दोन महिन्यांची आणि दिवसाची, माजघरात तेवढी पोचतही नाही, रात्री डबा निवतो. शिवाय डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा, दाबून भरलेला, वर हिंगाचा खडा. माझी पिशवी पातळ प्लास्टिकची, अर्धी हवेने भरलेली, आणि खालून रात्रंदिवस धग. म्हणजे दोष नुसत्या पाइपांचा नव्हताच. हे मी बाबांना सगळं सांगितलं, आकड्यांसकट. ते म्हणाले, "बरं." आणि मग म्हणाले, "माझा अर्धा डबा आहे. मी अजून उघडलेला नाही."

मी विचारलं नाही का. तेही बोलले नाहीत.

पुढे काय केलं ते सांगतो. जो मसाला उरला होता तो चार छोट्या काचेच्या बाटल्यांत अगदी काठोकाठ भरला, हवेला जागा न ठेवता. तीन फ्रीझरमध्ये. एक बाहेर काढली आणि त्याच संध्याकाळी बायकोने आमटी केली. दुप्पट मसाला घालावा लागला. लेकीने दोन वाट्या प्यायली, तिला फरक कळायचं कारण नाही. मला कळला, पण आमटी आईचीच होती, जरा लांबून आलेली. बाबांना सांगितलं की उघडली. म्हटलं, ठेवून ठेवून जातोच तो, बाबा, ठेवायची जागा कितीही नीट केली तरी.

फेब्रुवारीत त्यांनी त्यांचा डबा उघडला. फोनवर म्हणाले, "आज वांग्याची भाजी केली. मीच केली. जरा करपली." वासाबद्दल बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

त्यानंतर आणखी हिवाळे झाले. चादर तशीच आहे, दार अजून तळघरात. पोरकिडे नाहीत. रास्पबेरी पाय अजून दर पाच मिनिटांनी नोंद करतो, खरं तर आता गरज नाही. पण दर रविवारी फोन उचलल्या उचलल्या बाबा आधी विचारतात, "कपाट किती?"

"एकवीस पॉइंट सहा."

"बरं आहे. काल जास्त होतं का? तुमच्याकडे थंडी वाढली असेल, पाणी जास्त फिरलं असेल."

मग आम्ही पाण्यावर, पाइपांवर, हळदीच्या भावावर, गुडघ्यावर, लेकीच्या शाळेवर बोलतो. बाबांनी आता भाजी करपवणं बंद केलंय. मसाला संपला की कसा करायचा, दगडफूल किती घ्यायचं, यावर त्यांचं आणि मावशीचं जोरदार भांडण चालू आहे, आणि दोघंही मला फोन करून आपली बाजू सांगतात.

असो. बारा वाजत आले, तांदूळ धुवायचेत. कपाट या क्षणी २१.७.